बांगलादेश की व्हिएतनाम? दोन अर्थव्यवस्थांची तुलना करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुलनेसाठी हेच दोन देश का घ्यायचे?

कारण सुरुवातीची परिस्थिती इतकी सारखी असलेली दुसरी जोडी सहज सापडत नाही. दोन्ही देश १९७०च्या दशकात युद्धातून उद्ध्वस्त होऊन बाहेर पडले. बांगलादेश १९७१मध्ये स्वतंत्र झाला आणि १९७४मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. व्हिएतनाममधलं युद्ध १९७५मध्ये संपलं, पुढच्या वर्षी उत्तर आणि दक्षिण एकत्र आले. दोन्हीकडे मोठ्या नद्यांचे सुपीक त्रिभुज प्रदेश, भाताची शेती, दाट लोकवस्ती आणि स्वस्त मजुरी. आणि आज जगाच्या कपड्यांच्या बाजारात चीनच्या पाठोपाठ याच दोघांची चुरस असते. म्हणजे फरक पडला तो गेल्या चाळीसएक वर्षांत, आणि तो कशामुळे पडला हे शोधता येतं.

दोघांचा जीडीपी जवळपास सारखाच आहे ना? मग दोघे बरोबरीत का नाहीत?

२०२३मध्ये चालू डॉलरमध्ये दोन्ही अर्थव्यवस्था ४३० ते ४४० अब्ज डॉलरच्या दरम्यान होत्या, हे खरं. पण बांगलादेशात तो आकडा सुमारे १७ कोटी लोकांत वाटला जातो, व्हिएतनाममध्ये सुमारे १० कोटींत. २०२४चं दरडोई उत्पन्न पाहिलं तर बांगलादेश २,६०० डॉलरच्या आसपास आणि व्हिएतनाम ४,७००च्या आसपास. एकूण जीडीपीचा उपयोग देशाचं वजन सांगायला होतो, तिथल्या माणसाची स्थिती सांगायला नाही. तरीही समाजमाध्यमांवर 'अमक्याने तमक्याला मागे टाकलं' असं जे फिरतं ते बहुधा एकूण आकड्यावरच असतं. तिकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

१९९०मध्ये बांगलादेश व्हिएतनामपेक्षा श्रीमंत होता, हे खरं आहे का?

कागदावर होता. जागतिक बँकेच्या मालिकेत १९९०चं दरडोई उत्पन्न चालू डॉलरमध्ये बांगलादेशासाठी ३००च्या आसपास आणि व्हिएतनामसाठी १००च्या आसपास दिसतं. पण त्या वेळी व्हिएतनामचं चलन, डोंग, कोसळलेलं होतं. काही वर्षांच्या प्रचंड महागाईनंतर अधिकृत विनिमय दर एकदम खाली आणले गेले होते. त्यामुळे डॉलरमध्ये मोजलेलं उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा फार कमी दिसतं. त्याच काळात व्हिएतनाममध्ये साक्षरता बांगलादेशापेक्षा कितीतरी जास्त होती, आयुर्मानही जास्त होतं. तिथला माणूस तेव्हा बांगलादेशी माणसाच्या तिप्पट हलाखीत जगत होता असा अर्थ काढणं चूक ठरेल. दोघेही अतिशय गरीब होते, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

'दोई मोई' या व्हिएतनामच्या आर्थिक सुधारणांच्या धोरणात नेमकं काय घडलं?

डिसेंबर १९८६मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात हे धोरण जाहीर झालं आणि न्गुयेन व्हान लिन्ह पक्षाचे सरचिटणीस झाले. पाठ्यपुस्तकांत हा एका दिवसाचा निर्णय असल्यासारखा येतो. खरं तर सरकारच्या हातात दुसरं फारसं काही उरलंच नव्हतं. त्या वर्षी महागाई ७०० टक्क्यांच्या वर गेली होती, भाताचा देश तांदूळ आयात करत होता आणि सामूहिक शेतीतले शेतकरी जेमतेम काम करत होते.

खरा बदल आधी शेतात झाला. १९८१पासून काही ठिकाणी कुटुंबाला ठेक्याने जमीन कसू देण्याची मुभा होती. एप्रिल १९८८च्या 'ठराव क्रमांक १०'ने ती पुढे नेली. शेतकरी कुटुंब हेच उत्पादनाचं मूळ एकक मानलं गेलं, जमीन दीर्घ मुदतीसाठी त्याच्याकडे आली आणि पिकाचा मोठा वाटा बाजारभावाने विकायची परवानगी मिळाली. १९८८पर्यंत तांदूळ आयात करणाऱ्या व्हिएतनामने १९८९मध्ये सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला. इतक्या झटपट परिणाम दिसलेली आर्थिक सुधारणा मला तरी दुसरी माहीत नाही. १९९३च्या जमीन कायद्याने वापराचा हक्क विकण्याची, गहाण ठेवण्याची आणि वारसांना देण्याची सोय झाली. मालकी मात्र आजही कायद्याने सर्व जनतेची, म्हणजे व्यवहारात सरकारची आहे.

बाकीचं टप्प्याटप्प्याने आलं. १९८७च्या अखेरीस परकीय गुंतवणुकीचा कायदा झाला. १९८९मध्ये सरकारी आणि बाजारी असे दुहेरी भाव बहुतांशी रद्द झाले आणि बँकांचे व्याजदर महागाईच्या वर नेले गेले. थोड्याच काळात सोव्हिएत मदत बंद झाली, तेव्हा देशाने पाश्चात्त्य आणि शेजारी देशांकडे मोर्चा वळवला. १९९४मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली, १९९५मध्ये आसियानचं सदस्यत्व मिळालं, २००१च्या अखेरीस अमेरिकेशी व्यापार करार लागू झाला आणि जानेवारी २००७मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश झाला. व्हिएतनामने असा प्रत्येक करार देशांतर्गत नियम बदलण्यासाठी निमित्त म्हणून वापरला. पक्षातल्या विरोधकांना सांगायला 'करारात लिहिलंय' हे उत्तर तयार असायचं.

बांगलादेशात कपड्यांचा उद्योग आला कुठून? तिथे तर कापूसही फारसा पिकत नाही.

तो आला कोट्यांमुळे. १९७४पासून श्रीमंत देशांनी 'मल्टी-फायबर करारा'खाली कोणत्या देशातून किती कपडे घ्यायचे याच्या मर्यादा घातल्या होत्या. दक्षिण कोरियाचे कारखाने त्या मर्यादेला टेकले, तेव्हा कोटा न लागलेल्या देशांचा शोध सुरू झाला. कोरियाची देवू कंपनी आणि बांगलादेशातली देश गारमेंट्स यांच्यात करार झाला आणि १९७९मध्ये देश गारमेंट्सचे १३० कर्मचारी बुसानला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेले. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यांतले बहुतेक जण बाहेर पडले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मूळ कंपनीच्या दृष्टीने हे नुकसान. देशाच्या दृष्टीने मात्र एवढ्या स्वस्तात एवढं कौशल्य पसरल्याचं उदाहरण क्वचितच मिळेल.

पण प्रशिक्षणाने अर्धंच काम झालं असतं. सरकारने दोन सोयी दिल्या. पहिली, बॉण्डेड वेअरहाऊस: निर्यातीसाठी लागणारं कापड शुल्क न भरता आणायचं आणि तयार माल बाहेर पाठवायचा. दुसरी, 'बॅक-टू-बॅक' लेटर ऑफ क्रेडिट: परदेशी ग्राहकाची ऑर्डर हाच तारण, त्यावर बँक कापड खरेदीची हमी देते. भांडवल नसलेल्या माणसालाही कारखाना काढता आला तो या दोन गोष्टींमुळे. २००१पासून युरोपीय संघाने अल्पविकसित देशांना शुल्कमुक्त प्रवेश दिला. २००५मध्ये कोटे संपल्यावर बांगलादेश बुडेल असं अनेक तज्ज्ञांना वाटत होतं. झालं उलटं, ऑर्डरी वाढल्या.

मग बांगलादेशाला कपड्यांपलीकडे दुसरा मोठा उद्योग का उभा करता आला नाही?

सगळ्या तुलनेचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

आज बांगलादेशाच्या वस्तू निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचा आहे. तीसहून अधिक वर्षं मुख्यतः एकाच मालावर उभी असलेली निर्यात. लोक याचं खापर कपड्यांच्या उद्योगावर फोडतात, ते मला पटत नाही. तो उद्योग चांगलाच चालला. अडचण अशी की त्याला दिलेल्या सोयी इतरांना तशा मिळाल्या नाहीत. निर्यातदार कपडेवाल्याला कच्चा माल शुल्कमुक्त. पण पंखे, सायकली, प्लास्टिकच्या वस्तू किंवा इलेक्ट्रॉनिक सामान बनवणाऱ्याला मूळ आयात शुल्क, त्यावर पूरक शुल्क, त्यावर नियामक शुल्क असा चढता थर भरावा लागतो. त्याच वेळी तयार परदेशी मालावरही जबर शुल्क असल्याने देशातच विकण्यात भरपूर नफा सुटतो. निर्यातीची दगदग कोण करणार?

चामड्याचं उदाहरण बोलकं आहे. बांगलादेशाकडे स्वतःची कातडी आहेत, बकरी ईदच्या काळात तर ढिगाने मिळतात. ढाक्यातल्या हजारीबागचे कातडी कमावण्याचे कारखाने २०१७मध्ये सावारच्या नव्या वसाहतीत हलवले गेले, पण तिथलं सामायिक सांडपाणी केंद्र नीट चाललं नाही. मोठ्या परदेशी ब्रँडांना पर्यावरणाचं प्रमाणपत्र हवं असतं, ते बहुसंख्य कारखान्यांना मिळत नाही. त्यामुळे चामडं आणि चामड्याच्या वस्तूंची निर्यात वर्षानुवर्षं एक अब्ज डॉलरच्या आसपास घुटमळते आहे. व्हिएतनाम बरंचसं चामडं आणि इतर साहित्य बाहेरून आणतो आणि पादत्राणांची निर्यात २० अब्ज डॉलरच्या वर करतो. कच्चा माल घरचा असणं किती गौण आहे, हे यावरून कळतं.

दुसरं कारण बंदर. बांगलादेशाचा ९० टक्क्यांहून अधिक सागरी व्यापार चट्टोग्राममधून (जुनं नाव चितगाव) होतो. हे कर्णफुली नदीवरचं बंदर आहे, खोली कमी, भरती-ओहोटीची वाट पाहावी लागते. मोठी जहाजं येत नाहीत. कंटेनर लहान जहाजांनी कोलंबो किंवा सिंगापूरला जातात आणि तिथे मोठ्या जहाजावर चढतात. दक्षिण व्हिएतनामच्या काय मेप बंदरातून अवाढव्य जहाजं थेट अमेरिका आणि युरोपकडे निघतात. शर्टला चार दिवस उशीर चालून जातो. फोनच्या सुट्या भागांची साखळी मात्र दिवसांवर नव्हे, तासांवर चालते. मातारबारीला जपानच्या मदतीने खोल समुद्राचं बंदर उभं राहतं आहे, पण हे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं.

तिसरं, सरकारी तिजोरी. बांगलादेशाचं कर उत्पन्न जीडीपीच्या आठ टक्क्यांच्या आत-बाहेर असतं, जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक. व्हिएतनाममध्ये ते प्रमाण दीडपटीहून जास्त आहे. कर कमी म्हणजे लोक सुखी असं वाटू शकतं. प्रत्यक्षात कर कमी गोळा होत असल्यामुळेच सरकार सीमेवरच्या शुल्कांवर अवलंबून राहतं, आणि वर सांगितलेली शुल्कांची उतरंड हलत नाही. पद्मा नदीवरचा पूल ही या परिस्थितीतली मोठी कामगिरी मानली पाहिजे. २०१२मध्ये जागतिक बँकेने १.२ अब्ज डॉलरचं कर्ज रद्द केल्यावर सरकारने स्वतःच्या पैशाने ६.१५ किलोमीटरचा पूल बांधला आणि जून २०२२मध्ये तो खुला केला. पण एवढ्या तुटपुंज्या महसुलात असे किती पूल बांधणार?

व्हिएतनामची निर्यात ४०० अब्ज डॉलर. म्हणजे देशाची कमाई तेवढी आहे का?

अजिबात नाही. २०२४मध्ये वस्तू निर्यात सुमारे ४०५ अब्ज डॉलर होती, तर आयात ३८० अब्जांच्या आसपास. फोन, संगणक आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचे भाग चीन, दक्षिण कोरिया, तैवानमधून येतात, इथे जुळवले जातात आणि पुढे जातात. जहाजावर चढताना डब्याची पूर्ण किंमत व्हिएतनामच्या नावावर लागते, खिशात मात्र एक हिस्साच राहतो.

शिवाय निर्यातीतला सुमारे ७० टक्के वाटा परकीय भांडवलाच्या कंपन्यांचा आहे. सॅमसंगला २००८मध्ये बाक निन्ह प्रांतात परवाना मिळाला, पुढे थाय न्गुयेनमध्ये आणखी मोठा कारखाना झाला. आज या कंपनीचे निम्म्याहून अधिक फोन व्हिएतनाममध्ये बनतात. इंटेलचा कारखाना २०१०मध्ये हो ची मिन्ह शहरात सुरू झाला. २०२४मध्ये परकीय कंपन्यांचा व्यापार मोठ्या शिलकीत होता आणि देशी कंपन्यांचा तुटीत. ही गोष्ट व्हिएतनामी धोरणकर्त्यांना चांगलीच बोचते. मे २०२५मध्ये पक्षाने खासगी क्षेत्राला अर्थव्यवस्थेची सर्वांत महत्त्वाची चालक शक्ती म्हणणारा 'ठराव ६८' काढला, तो याच अस्वस्थतेतून.

बांगलादेशात चित्र उलटं आहे. कपड्यांचे कारखाने बहुतांशी देशी मालकांचे आहेत. होजिअरी कपड्यांत सूत आणि कापडाचा मोठा भाग देशातच तयार होतो, त्यामुळे निर्यातीच्या प्रत्येक डॉलरमागे देशात उरणारा वाटा चांगला असतो. प्रत्यक्ष परकीय गुंतवणूक मात्र वर्षाला दीड ते तीन अब्ज डॉलरच्या घरात, तर व्हिएतनाममध्ये २०२४मध्ये प्रत्यक्ष उतरलेली रक्कम २५ अब्ज होती.

म्हणून माझं मत असं: व्हिएतनाम पुढे आहे यात शंका नाही, पण निर्यातीच्या आकड्यांवरून वाटतो तितका पुढे नाही. आणि बांगलादेश मागे आहे तो शर्ट शिवतो म्हणून नाही. शर्ट शिवून आलेली शिस्त, कर्जाची सोय आणि शुल्कमुक्ती त्याने दुसऱ्या धंद्यांपर्यंत पोचू दिली नाही म्हणून.

कामगाराच्या हातात किती पडतं?

बांगलादेशात कपडे उद्योगाचं किमान वेतन डिसेंबर २०२३पासून महिना १२,५०० टका झालं, तेव्हाच्या दराने साधारण ११३ डॉलर. त्याआधी पाच वर्षं ते ८,००० टका होतं. कामगार संघटनांनी २३,००० मागितले होते, आंदोलनात काही कामगारांचा जीव गेला. व्हिएतनाममध्ये मोठ्या शहरांच्या पट्ट्यात जुलै २०२४पासून किमान वेतन ४९.६ लाख डोंग होतं, म्हणजे दोनशे डॉलरच्या थोडं खाली. आकड्यातली शून्यं पाहून दचकू नका, तेव्हा एका डॉलरला सुमारे २५ हजार डोंग मिळत.

सुरक्षेचा विषय निघाला की राणा प्लाझाचं नाव येतंच. २४ एप्रिल २०१३ला सावारमधली ही आठ मजली इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायदेशीर बंधन असलेला करार झाला, हजारो कारखान्यांची तपासणी झाली. आज पर्यावरणपूरक प्रमाणपत्र मिळालेले कपड्यांचे कारखाने जगात सर्वांत जास्त बांगलादेशात आहेत. पण त्या सुधारणेचा खर्च कारखानदारांनी केला आणि ब्रँडांनी शर्टमागे दिलेली किंमत फारशी वाढली नाही, ही मालकांची तक्रार रास्त आहे.

स्त्रियांच्या रोजगारात कोण पुढे?

व्हिएतनाम, आणि मोठ्या फरकाने. तिथे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, बांगलादेशात चाळिशीच्या आसपास. बांगलादेशात सुमारे ४० लाख कपडे कामगारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. खेड्यातली मुलगी शहरात एकटी राहून पगार घरी पाठवते, हे या उद्योगामुळे घडलं. मात्र यंत्रं वाढली तसा स्त्रियांचा वाटा घटत चालला आहे.

शिक्षण आणि आरोग्यात काय फरक आहे?

आरोग्यात बांगलादेशाने उत्पन्नाच्या मानाने फार मोठी मजल मारली. ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १९८०च्या दशकात घरोघर जाऊन एक कोटीहून अधिक मातांना मीठ, गूळ आणि पाण्याचं मिश्रण करायला शिकवलं, त्यामुळे अतिसाराने मरणारी मुलं वाचली. स्वातंत्र्यानंतरच्या काळात एका स्त्रीमागे सरासरी सातच्या आसपास मुलं होत, आता दोनच्या आसपास. आयुर्मानात दोन्ही देश आज जवळजवळ बरोबरीत आहेत.

शिक्षणात तसं नाही. २०१२मध्ये व्हिएतनाम पहिल्यांदाच पीसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत उतरला आणि तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांनी गणितात श्रीमंत देशांच्या सरासरीपेक्षा जास्त गुण मिळवले. त्या वयात शाळा सोडलेली मुलं मोजली जात नाहीत, हा आक्षेप बरोबर आहे, पण तो लक्षात घेतला तरी निकाल थक्क करणाराच राहतो. बांगलादेशात मुलं शाळेत पोचली, मुलींनी मुलांना गाठलंही, पण वर्गात शिकणं किती होतं हा प्रश्न उरतो. परकीय गुंतवणूकदार मजुरीचा दर पाहून येतो हे खरं, पण यंत्राची सूचना वाचून समजणारे हजारो कामगार एका जिल्ह्यात मिळतील का, हेही तो पाहतो.

परदेशातल्या नातेवाइकांकडून येणारा पैसा कोणाला जास्त?

बांगलादेशाला. २०२४-२५मध्ये हा ओघ ३० अब्ज डॉलरच्या वर गेला, तोवरचा विक्रम. त्यातला मोठा भाग आखातातल्या आणि मलेशियातल्या मजुरांचा. व्हिएतनामला साधारण १६ अब्ज येतात. बांगलादेशातला बराच पैसा हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या अनधिकृत मार्गाने, येतो आणि अधिकृत व बाजारातला दर यांत अंतर पडलं की हुंडीकडे ओढा वाढतो. २०२२नंतर नेमकं तेच झालं. ऑगस्ट २०२१मध्ये ४८ अब्ज डॉलरवर गेलेला परकीय चलनसाठा घसरत गेला, डॉलरचा भाव ८६ टका या पातळीवरून पुढे १२० टकाच्या पार गेला, आणि जानेवारी २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून ४.७ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं.

बँका कुणाच्या जास्त आजारी आहेत?

बांगलादेशाच्या. २०२४च्या अखेरीस एकूण कर्जांपैकी सुमारे २० टक्के थकीत असल्याचं मध्यवर्ती बँकेनेच जाहीर केलं. वर्षानुवर्षं पुनर्रचनेच्या आडोशाला लपलेली कर्जं उघड्यावर आली, त्यात राजकीय वरदहस्त असलेल्यांचा वाटा मोठा. कर्जावर नऊ टक्क्यांची व्याजमर्यादा एप्रिल २०२० ते २०२३च्या मध्यापर्यंत होती, महागाई तिच्या वर गेली तरी! ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीना यांचं सरकार गेल्यावर नेमलेल्या श्वेतपत्रिका समितीने २००९ ते २०२३ या काळात दरवर्षी सरासरी १६ अब्ज डॉलर देशाबाहेर गेल्याचा अंदाज मांडला. पुढे पाच इस्लामी बँका एकत्र करण्याचा निर्णय घ्यावा लागला.

व्हिएतनाम यात धुतल्या तांदळासारखा नाही. सायगॉन कमर्शियल बँकेतून अब्जावधी डॉलर काढल्याबद्दल बांधकाम उद्योजिका त्रुओंग मी लान यांना एप्रिल २०२४मध्ये मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. अफरातफरीचा न्यायालयाने मानलेला आकडा १२ अब्ज डॉलरच्या वर होता.

दोन्ही देशांचे आकडे कितपत भरवशाचे?

जपूनच घ्यावेत. जुलै २०२४मध्ये बांगलादेश बँकेने निर्यातीची आकडेवारी दुरुस्त केली आणि दहा महिन्यांत जवळपास १४ अब्ज डॉलर जास्त दाखवले गेल्याचं समोर आलं. काही माल दोनदा मोजला गेला होता. व्हिएतनामने २०१९मध्ये उलटा धक्का दिला, २०१० ते २०१७चा जीडीपी फेरमोजणीत सरासरी २५ टक्क्यांनी वाढवला. दोघांची तुलना करताना आणखी एक खोच आहे. बांगलादेशाचं आर्थिक वर्ष जुलै ते जून, व्हिएतनामचं जानेवारी ते डिसेंबर. 'यंदाचा वाढदर' म्हणून शेजारी शेजारी ठेवलेले दोन आकडे बहुधा सहा महिने पुढेमागे असतात. २०२४चा व्हिएतनामचा वाढदर ७.०९ टक्के आणि २०२३-२४चा बांगलादेशाचा ४.२२ टक्के, ही तुलना याच अटीवर वाचावी.

व्हिएतनामचं यश एकपक्षीय राजवटीमुळे आहे का?

हा निष्कर्ष फार घाईचा वाटतो. तोच पक्ष, तीच राजवट १९७६ ते १९८६मध्येही होती आणि तेव्हा देश उपासमारीच्या काठावर होता. बांगलादेशानेही लष्करी राजवटी पाहिल्या, अलीकडे एकाच पक्षाची पंधरा वर्षांची सत्ता पाहिली. त्या काळात कर वाढले नाहीत, शुल्कांची रचना बदलली नाही. धोरणात सातत्य असणं उपयोगी पडतं, पण धोरण चुकीचं असेल तर सातत्यही महागात पडतं.

अमेरिकेच्या शुल्कांचा फटका कोणाला जास्त?

एप्रिल २०२५मध्ये जाहीर झालेले दर व्हिएतनामवर ४६ आणि बांगलादेशावर ३७ टक्के होते. वाटाघाटींनंतर ऑगस्टमध्ये दोघांवरही २० टक्के लागू झाले. तेव्हाचा दर सारखा, धोका सारखा नाही. व्हिएतनामची जवळपास ३० टक्के निर्यात एकट्या अमेरिकेला जाते आणि २०२४मध्ये अमेरिकेची व्हिएतनामशी व्यापार तूट १२० अब्ज डॉलरच्या वर होती. चीनचा माल वळवून पाठवल्याचा ठपका आल्यास त्याच्यावर ४० टक्क्यांची वेगळी टांगती तलवार ठेवली गेली. बांगलादेशाचा मुख्य ग्राहक युरोप आहे.

'अल्पविकसित' यादीतून बाहेर पडल्यावर बांगलादेशाचं काय होणार?

संयुक्त राष्ट्रांनी २०२१मध्ये त्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली. कारखानदारांच्या संघटनांनी ती पुढे ढकलण्यासाठी जोर लावला, कारण युरोपातली शुल्कमुक्ती यादीबाहेर पडल्यावर फक्त आणखी तीन वर्षं राहते. पुढच्या सवलतीसाठी कापडही देशात विणलेलं असावं अशा स्वरूपाची अट येते. होजिअरीवाले ती पाळू शकतात. शर्ट-पँटवाले चीनच्या कापडावर शिवतात, त्यांची पंचाईत आहे. व्हिएतनामचा युरोपशी मुक्त व्यापार करार ऑगस्ट २०२०पासून लागू आहे आणि त्याचं कपड्यांवरचं शुल्क दरवर्षी उतरत शून्याकडे चाललं आहे. म्हणजे एकाची सवलत संपत येताना दुसऱ्याची पूर्ण होते आहे.

औषधांचा मुद्दा कमी चर्चिला जातो. १९८२च्या औषध धोरणानंतर बांगलादेश आपल्या गरजेची जवळजवळ सगळी औषधं स्वतः बनवतो. अल्पविकसित देशांना औषधांच्या पेटंटमधून मिळालेली सूट त्याला कामी आली. यादीबाहेर पडल्यावर ती सूट जाते, आणि नव्या पेटंट असलेल्या औषधांच्या किमती तिथल्या रुग्णाला कळू लागतील.

दोघांकडे नियमित लक्ष ठेवायचं तर कोणते आकडे पाहावेत?

जीडीपीचा तिमाही दर सोडून द्या. बांगलादेशासाठी बिगर-कपडे निर्यात, कर आणि जीडीपीचं प्रमाण, बँकांची थकीत कर्जं आणि मातारबारीच्या कामाची प्रगती पाहा. व्हिएतनामसाठी निर्यातीतला देशी कंपन्यांचा वाटा, उत्तरेकडचा उन्हाळ्यातला वीजपुरवठा (२०२३मध्ये तिथे कारखाने बंद ठेवावे लागले होते) आणि जन्मदर. शेवटचा आकडा आत्ता किरकोळ वाटेल, पण २०२४मध्ये तो एका स्त्रीमागे १.९१वर आला आणि जून २०२५मध्ये सरकारने दोन अपत्यांची जुनी मर्यादा काढून टाकली.